पहिल्या पावसाआधी नालीतली झाडण थांबवा

ग्वाल्हेरच्या दाल बाजारातले व्यापारी, मुनीम, पल्लेदार आणि लष्कर भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी घरं, सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. दुकानातली, गोदामातली डाळीची झाडण नालीत लोटणं आजपासून बंद करा. पाऊस उंबरठ्यावर आहे. पहिली जोराची सर आली की नाल्यांत साचलेला गाळ खरवडून एकदम स्वर्णरेखा नदीत जातो.

किलोभर डाळीत साधारण 35 ग्रॅम नत्र असतं. डाळ पाण्यात कुजली की त्याचा अमोनिया होतो. कुजवणारे जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूवाचून जगणारे जम बसवतात. सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो त्यांच्या हायड्रोजन सल्फाइडचा. अमोनियाचा बंदोबस्त करणारे, त्याचं नायट्रेट करणारे जिवाणूही असतात, पण ते फार सावकाश वाढतात. त्यांना प्राणवायू हवा आणि चिकटून राहायला जागा हवी. वाळू-गोट्यांच्या फटींत ती भरपूर मिळते. स्वर्णरेखेच्या पात्रात आपण काँक्रीट ओतलं, तेव्हा या उपकारी जिवांची घरंच बुजवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठल्या पाण्यात कोण वस्ती करणार, हे खाण्यावर आणि मिळणाऱ्या वेळावर ठरतं. नदी समुद्राला मिळते तिथे हे फार चांगलं दिसतं. अमेरिकेतल्या पार्कर नदीच्या मुखाशी झालेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. वसंतात पाणी वेगानं वाहून जातं, तेव्हा तिथे नदीचे आणि समुद्राचे जिवाणू नुसते मिसळलेले आढळले. उन्हाळ्यात आणि शरदात पाणी रेंगाळलं, तेव्हा मचूळ पाण्याची स्वतःची वेगळी वस्ती तयार झाली. आपल्या तुंबलेल्या नालीतही वेळ भरपूर आहे, आणि खाणं आपण पुरवतो आहोत. शिवाय ग्वाल्हेरचं पाणी यमुनेच्या खोऱ्यातलं. पुढे गंगा, आणि शेवटी बंगालच्या खाड्या.

तेव्हा झाडण कोरडीच गोळा करा. चांगली चुनी आणि भुसा गुरांना द्या. बुरशी लागलेली डाळ मात्र गुरांनाही घालू नका, कारण तिच्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते दुधात उतरतं. तिचं खत करा. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मोरीत टाकू नका. नालीतल्या बुळबुळीत थरात जिवाणू दाटीनं राहतात, तिथे औषधाला न जुमानणारे टिकतात आणि तो गुण शेजाऱ्यालाही देतात.

महानगरपालिकेकडे एक मागणी आपण मिळून करू या. स्वर्णरेखेच्या पाण्याची दर महिन्याला तपासणी व्हावी आणि आकडे पुलावर फलक लावून सर्वांना दाखवावेत. स्नानयोग्य पाण्यात 100 मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म 500 पर्यंत असावेत, 2500 च्या वर कधीच नसावेत. आपली नदी त्यापासून किती दूर आहे, हे तिच्या काठच्या माणसाला कळलंच पाहिजे. या मागणीच्या निवेदनावर सह्या करा, आणि शेजारच्या दुकानदारालाही सोबत आणा.