थ्रेड : लग्नगडी, धावपटू आणि मालकीचा प्रश्न

१/ खेळाडूचे प्रेम कोणावर आहे याचा खेळाशी काय संबंध? असे विचारले की बहुतेक लोक ‘काहीच नाही’ म्हणतात आणि विषय मिटला असे समजतात. तो मिटत नाही, कारण खरा प्रश्न मालकीचा आहे : मजुरी देणाऱ्याचा माणसावर हक्क कुठवर चालतो? महाराष्ट्रात हा प्रश्न डहाणू-तलासरीच्या रानात रक्त सांडून विचारला गेला.

२/ तिथल्या वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ असत. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटत नसे, राबणे संपत नसे. पैसे दिले जात श्रमाच्या नावाने. ताबा घेतला जाई संसाराचा. लग्नगड्याची बायकोही आपलीच, असे मालक समजत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सारे नोंदवून ठेवले आहे.

३/ २३ मे १९४५ रोजी झरी येथे (आजचा तलासरी तालुका) सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ न करण्याची शपथ घेऊन परतले. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. मागणी होती ती किमान १२ आणे रोजाची. कामाचा दाम द्या. कामापलीकडचा माणूस तुमचा नव्हे, हा तिचा अर्थ.

४/ करारावर कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूला लग्नगडी म्हणणे हास्यास्पद ठरेल. साम्य दारिद्र्यात नाही, दाव्यात आहे. संघ आणि प्रायोजक पैसे मोजतात कौशल्यासाठी, आणि खेळाडूच्या घरात डोकावण्याचा हक्क फुकटात गृहीत धरतात.

५/ १९८१ मध्ये बिली जीन किंगचे समलैंगिक नाते एका खटल्यामुळे उघड झाले आणि तिचे जवळजवळ सगळे जाहिरात-करार चोवीस तासांत गेले. तिची सर्व्हिस त्या चोवीस तासांत बिघडली नव्हती. त्याच वर्षी मार्टिना नवरातिलोव्हाबद्दलही जगाला कळले. तिने १९८२ ते १९८७ अशी सलग सहा वर्षे विम्बल्डनचे एकेरी विजेतेपद जिंकले. कामगिरीवर परिणाम होतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा.

६/ ‘मग जाहीर करायचेच कशाला?’ हा दुसरा आक्षेप. तो करणारे क्रिकेटपटूंच्या लग्नाचे अल्बम मात्र आवडीने पाहतात! खासगीपणाचा आग्रह एकाच बाजूकडून धरला जातो. गप्प राहण्याची ही सक्ती किती खोल असते ते फुटबॉलमध्ये दिसते. जस्टिन फॅशनूने १९९० मध्ये आपण समलैंगिक असल्याचे सांगितले. सख्ख्या भावाने त्याला जाहीरपणे नाकारले. त्यानंतर ब्रिटनमधल्या दुसऱ्या सक्रिय व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने, ब्लॅकपूलच्या जेक डॅनियल्सने, हेच उघडपणे सांगितले ते २०२२ मध्ये. मधल्या बत्तीस वर्षांत तिथे समलैंगिक फुटबॉलपटू जन्मलेच नाहीत, असे कोण म्हणेल?

७/ आता घरचे उदाहरण. २६ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता आशियाई स्पर्धेत ओडिशाच्या द्युती चंदने १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. त्या दिवशी १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ समलैंगिक नात्यांवर अजून टांगलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते शिथिल केले ६ सप्टेंबरला, म्हणजे अकरा दिवसांनी. मे २०१९ मध्ये तिने एका स्त्रीशी असलेले आपले नाते उघड केले आणि विरोध सुरू झाला तो घरातूनच. जुलैमध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ती ११.३२ सेकंदांत धावली आणि सुवर्णपदक घेऊन आली.

८/ (२०१४ मध्ये तिला राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळले गेले ते संप्रेरकांच्या नियमामुळे. तो वाद शरीराच्या मोजमापाचा होता, प्रेमाचा नव्हे. दोन्हींची सरमिसळ करणारे बहुधा दोन्हींबद्दल अडाणी असतात.)

९/ २०२३ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ म्हणणाऱ्यांना तेव्हा जोर चढला. पण तिच्या रक्तात आणि लघवीत काय सापडते हे विचारण्याचा अधिकार खेळाच्या नियमांनी संस्थांना दिलेला आहे. ती संध्याकाळी कोणाकडे परतते हे विचारण्याचा नाही. झरीहून परतलेल्या वारल्याला या दोहोंतला फरक कोणी समजावून सांगावा लागला नसता.