पहिली रात्र

गेल्या आषाढात आम्ही हैदराबादेस, विद्यानगरातील आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी काही दिवस मुक्कामास होतो. विद्यानगर ही उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारची वस्ती. लोहमार्ग जवळूनच जातो. त्यामुळे रात्री-अपरात्री गाडीची शिटी कानी पडते. भोवताली उंच इमारती उभ्या राहिल्या असल्या, तरी बंधूंच्या घरापुढे अजून लहानसे अंगण व त्यात पेरूचे एक झाड शिल्लक आहे. त्या अंगणात घडलेली हकीकत आज सांगणार आहोत. कुत्र्याच्या पिल्लावर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दाराशी कुत्रे असते, आणि आम्ही जी चूक केली ती त्यांच्या हातून होऊ नये, एवढाच या लेखनाचा हेतू.

गल्लीतील एक कुत्री मोटारीखाली सापडून मेली. तिची दोन पिल्ले मागे राहिली. एक जवळच्या इमारतीच्या रखवालदाराने ठेवून घेतले व दुसरे बंधूंच्या नऊ वर्षांच्या नातीने ओच्यात घालून घरी आणले. सुमारे दोन महिन्यांचे, तपकिरी रंगाचे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले ते गावठी पिल्लू होते. त्याचे नाव ‘मोती’ ठेवण्यात आले. घरात कुत्रे नको, असा सूनबाईंचा आग्रह होता व तो गैरही नव्हता. म्हणून बंधूंनी सुताराकडून सागवानी फळ्यांचे, पत्र्याच्या छपराचे एक सुरेख घर करवून घेतले व ते पेरूखाली ठेवले. हिरवा रंग, पुढे कडीचे दार. पाहणारे कौतुक करीत.

संध्याकाळी दूध-भात घालून मोतीला त्या घरात निजवले व कडी लावली. दिवे मालवताच रडणे सुरू झाले. प्रथम बारीक कुंईकुंई, मग केकाटणे. गाडीची शिटी झाली की आक्रोश दुप्पट होई. नात उठून बसली. “आजोबा, मी जाऊ का त्याच्याजवळ?” तिने दोनदा विचारले. बंधू म्हणाले, “आज गेलीस तर ते रोज बोलावील. रडून रडून आपोआप गप्प होईल.” आम्हीही मान डोलावली, लहानपणापासून आपण सारे हेच ऐकत आलो आहोत. मध्यरात्रीनंतर पावसाची जोराची सर आली. दोनच्या सुमारास रडणे थांबले. “पाहिलेस? रुळला!” बंधू समाधानाने म्हणाले, आणि आम्ही सारे निर्धास्त झोपी गेलो.

पहाटे नातीने कडी काढली, तेव्हा मोती भिजलेल्या गोणपाटावर एका कोपऱ्यात पडला होता. अंग गार, हिरड्या फिक्या. हाक मारली तरी मान उचलत नव्हता. दार पश्चिमेकडे असल्याने पावसाचा सारा मारा आत गेला होता, आणि बाहेरून कडी असल्याने त्या जिवाला कोठे जाताही आले नव्हते. पोर एक शब्दही बोलली नाही. आजोबांकडे तिने केवळ पाहिले. ती नजर त्यांना फार लागली, असे त्यांनी पुढे आम्हांस सांगितले.

मोतीला पुसून कोरडे केले, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली त्याच्या कुशीशी ठेवली व तसेच पशुवैद्यांकडे नेले. त्या बाई मोठ्या समंजस होत्या. त्यांच्या उपचाराने दुपारपर्यंत पिल्लाच्या अंगात ऊब आली. मग त्यांनी आमची जबानी घेतली. नातीच्या हातावर मोतीच्या दातांचा ओरखडा दिसताच त्या गंभीर झाल्या. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायला लावून त्यांनी तिला त्याच दिवशी रुग्णालयात लस घेण्यास पाठविले. पिसाळण्याच्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. मात्र वेळीच लस घेतली तर तो टळतो. पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम एका मुलाला ही लस टोचली, तेव्हापासून हा मार्ग मोकळा आहे. तरीही आपल्याकडे पिल्लाचा ओरखडा म्हणून लोक हयगय करतात.

नंतर त्यांनी मोतीच्या घराविषयी जे सांगितले, ते वाचकांनी ध्यानी ठेवावे. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. म्हणून दार पूर्वेस असावे. तळ जमिनीपासून चार ते सहा इंच उंच असावा, म्हणजे ओल वर येत नाही. आत पिल्लाला उभे राहता, वळता व पाय ताणून निजता यावे; त्याहून फार मोठे घर थंडीत ऊब धरीत नाही. हैदराबादेत उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो व नुसता पत्रा भट्टीसारखा तापतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग निववते. म्हणून घर सावलीत हवे, पत्र्यावर गवताचा थर हवा व जवळ पाणी हवे. पार्वो व डिस्टेंपर या रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू कराव्यात, आणि पिसाळण्याविरुद्धची लस तीन महिन्यांचे झाल्यावर टोचावी. गोचिडांपासून ताप येतो. म्हणून अंथरूण वरचेवर उन्हात घालावे.

“परंतु हे सारे सुताराचे काम झाले,” बाई म्हणाल्या. “कालपर्यंत हे पिल्लू भावंडाच्या अंगाला अंग लावून निजत होते. ते हट्टाने रडत नव्हते, आपल्या माणसांना हाका मारीत होते. आणि रात्री दोन वाजता ते रुळले नाही, ते थकले.”

हे नुसते हळव्या मनाचे बोलणे नव्हे. अमेरिकेतील मेन प्रांतात बार हार्बर येथे स्कॉट व फुलर या संशोधकांनी कुत्र्यांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू माणसाशी नाते जोडते, असे त्यांना आढळले. तेथीलच एका प्रयोगात, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या, चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न लाभलेली पिल्ले रानटी जनावरांसारखी बुजरी झाल्याचे दिसून आले. ज्या दिवसांत आपण पिल्लाला घरी आणतो, ते त्याच्या विश्वासाचे दिवस असतात.

घरी येताच बंधूंनी दाराची कडी स्वतःच्या हाताने उपटून टाकली. रखवालदाराकडे जाऊन त्यांनी दुसऱ्या पिल्लाच्या अंगाखालचे फडके मागून आणले. त्या वासाने मोती शांत होई. लाकडी घर प्रथम पडवीत आणले. दिवसा मोतीचे खाणे तेथेच ठेवीत, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटावी. रात्री बंधूंनी आपली खाट शेजारी टाकली. मोती कुरकुरला की ते हात खाली सोडीत. हुंगून तो पुन्हा निजे. चार रात्रींनी घर पायरीशी गेले, आणखी चार रात्रींनी अंगणात, पेरूखाली, पूर्वेकडे तोंड करून. खाट मात्र आणखी काही दिवस पडवीतच राहिली. सत्तरीच्या पुढचे, गुडघे धरलेले गृहस्थ. पण त्यांनी ती हलविली नाही.

आम्ही निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा मुसळधार पाऊस झाला. आम्ही सारेच जागे झालो व कंदील घेऊन अंगणात गेलो. मोती आपल्या घरात कोरड्या गोधडीवर निजला होता. त्याने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिले व मिटला. नातीने आजोबांचा हात धरला.

आपल्या खेड्यांत पिल्लू आणले की पहिल्याच दिवशी त्याला खुंटाला बांधून ठेवण्याची चाल आहे. अवजड किंवा फार आखूड साखळीने जनावर अवास्तव वेळ बांधून ठेवणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हाच आहे. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, तर या मोतीची आठवण ठेवून आमच्या वाचकांनी ती चाल सोडावी. अंगणातले घर अवश्य करा. राखणीचे कुत्रे अंगणातच शोभते. मात्र पहिले आठ दिवस कोणीतरी आपले अंथरूण त्याच्याजवळ टाका. आणि मध्यरात्री रडणे थांबले, तर एकदा उठून पाहून या.