आपला पैलवान तो बाब्या!

(द्वितीय वर्ष कला)

२ फेब्रुवारी २०२५ रोजी नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्त्या पाहायला लोटलेल्या गर्दीत मीही होतो. गादी विभागाच्या कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीवर विजयी ठरविले आणि शिवराज राक्षेची पाठ टेकली होती की नव्हती, यावरून सारे मैदान दुभंगले. राक्षेने पंचांना लाथ मारली, पुढे किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडही निकालावर रागावून मैदान सोडून गेला, गदा मोहोळला मिळाली आणि त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. हे सर्व वर्तमानपत्रांतून येऊन गेले आहे. मला सांगायचे आहे ते परतीच्या जीपमधले.

जीपमध्ये आम्ही नऊ जण होतो. पाच जणांच्या मते पाठ टेकली होती, चौघांच्या मते नव्हती. नऊही जण एकाच बाजूला, एकाच ओळीत बसलेले! करंजीचा घाट येईपर्यंत मोबाईलवर ते दृश्य दहा वेळा तरी पाहून झाले, पण एकाचेही मत बदलले नाही. खरे सांगायचे तर कोण कोणत्या बाजूला जाणार, हे जीप सुटण्यापूर्वीच सांगता आले असते. कोणाचा पाहुणा कोणत्या तालमीत आहे, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

घाट चढून गेल्यावर एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “नरसिंगलाबी असंच फसवलं व्हतं.” आणि काय आश्चर्य! इतका वेळ भांडणारे नऊच्या नऊ जण एका क्षणात एक झाले. त्या नऊ जणांत मीही होतो.

नरसिंग यादव हे नाव आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. मुंबईत दूध घालणाऱ्या बापाचा हा मुलगा. घराणे मूळचे उत्तरेकडचे. पण २०११, २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली आणि तो आमचा झाला. २०१५ साली लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने ७४ किलो गटात देशासाठी रिओ ऑलिंपिकची जागा आणली. त्या जागेसाठी निवड-चाचणी घ्यावी, ही सुशीलकुमारची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६ मध्ये फेटाळली. त्याच महिन्यात सोनिपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्नायू वाढविणारे बंदी घातलेले द्रव्य सापडले, आणि जुलैतल्या दुसऱ्या नमुन्यातही तेच निघाले. आपल्या पेयात कोणीतरी कालवाकालव केली, असे नरसिंगचे म्हणणे होते. १ ऑगस्ट रोजी आपल्या देशातल्या नाडा या संस्थेने ते मान्य करून त्याला निर्दोष ठरविले. त्यावर जागतिक संस्था वाडा हिने अपील केले. (नाडा आणि वाडा ही नावे पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्या पारावर जो हशा पिकला होता, तो मला अजून आठवतो. मी तेव्हा चौथीत होतो.) १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्या रात्री आमच्या आळीतली मोठी माणसे रडली होती.

जीपमधून उतरल्यावर मला एक प्रश्न सुचला, तो नऊ वर्षांत का सुचला नव्हता याची लाज वाटते. तो प्रश्न असा: लवादाने कशाच्या आधारे निकाल दिला? मग मी त्या निकालाविषयी मिळेल ते वाचले. तज्ज्ञांचे मत असे पडले की, नमुन्यांत सापडलेले प्रमाण पाण्यात एकदा पूड कालवून होण्यासारखे नव्हते. द्रव्य गोळीच्या रूपाने आणि एकाहून अधिक वेळा पोटात गेलेले असण्याचा संभव अधिक होता. कालवाकालव झाल्याचा ठोस पुरावा नरसिंगच्या बाजूने पुढे आला नाही. शिवाय नियमच असा की, खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला प्रथमदर्शनी तोच जबाबदार. आपला दोष नाही हे त्याने दाखवून द्यायचे.

आता हा निकाल अंतिम सत्य आहे असे मी म्हणत नाही. लवादाने शक्यतेच्या तराजूवर तोलून निर्णय दिला, आणि तराजू चुकू शकतो. माझी तक्रार आम्हां चाहत्यांविषयी आहे. गोळी की पूड, एकदा की अनेकदा, हे शब्द आमच्या पारावर कोणी उच्चारलेच नाहीत. नाडाने निर्दोष ठरविले तेव्हा तो न्याय होता, आणि सतरा दिवसांनी लवादाने दोषी ठरविले तेव्हा ते कारस्थान होते! कारस्थान कोणाचे, हेही आम्ही पुराव्याशिवाय ठरवून टाकले होते. आपल्या मल्लावर संशय घेणाऱ्यांची आम्हांला चीड, आणि आम्ही मात्र दुसऱ्यांवर खुशाल संशय घेत होतो.

याच्या नेमकी उलट तऱ्हा युरोपातल्या सायकल शर्यतींच्या चाहत्यांची आहे. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूने कर्करोगातून उठून १९९९ ते २००५ अशी लागोपाठ सात वर्षे टूर द फ्रान्स जिंकली. ‘माझ्या इतक्या चाचण्या झाल्या, कधी सापडलो का?’ हे त्याचे नेहमीचे उत्तर असे, आणि लक्षावधी लोक ते प्रमाण मानीत. २०१२ साली त्याच्याच अकरा माजी सहकाऱ्यांनी साक्षी दिल्या, सातही विजेतेपदे गेली, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरदर्शनवरच्या मुलाखतीत स्वतःच्या तोंडाने कबुली दिली. तेव्हापासून तिथला प्रेक्षक असा पोळला आहे की, ताकही फुंकून पितो. आज तादेय पोगाचार घाटात सर्वांना मागे टाकून जातो. चार वेळा टूर जिंकलेला हा गडी एकाही चाचणीत दोषी आढळलेला नाही. तरी तो इतका वेगाने चढतो म्हणजे काहीतरी असलेच पाहिजे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडे सापडलेलाही निर्दोष, त्यांच्याकडे न सापडलेलाही दोषी. नमुन्यात काय निघाले हे वाचण्याची गरज दोन्हीकडे कोणाला वाटत नाही.

माझ्या एका मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, “चाहता म्हणजे न्यायाधीश नव्हे. आपल्या माणसावर विश्वास ठेवणार नसलो तर हगाम्याला जायचे कशाला?” त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. जत्रेच्या हगाम्यात शेवटच्या कुस्तीला हलगी कडाडू लागली की माझेही अंग शहारते, आणि तेव्हा मी कोणाचा तरी असतोच. निःपक्षपाती माणसाने कुस्ती पाहूच नये, इतपत मीही म्हणेन. पण हलगी थांबल्यावर तरी? आमची हलगी नऊ वर्षे थांबलीच नव्हती. आणि ‘नरसिंगला फसवले’ हे एकदा मनात पक्के बसले की त्याच्या पोटातून आणखी एक समजूत आपोआप निपजते: हे औषध खेळाडूला शत्रूच पाजतो, आपले लोक असले काही घेत नसतात.

ही समजूत किती खोटी आहे! वाडाच्या २०२४ सालच्या आकडेवारीत भारतातले ७,११३ नमुने आहेत, आणि त्यांपैकी २६० मध्ये बंदी घातलेली द्रव्ये सापडली. पाच हजारांहून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. इतक्या सगळ्यांना शत्रूने पाजले असेल काय? आणि हे तर नमुना देण्याइतके वर पोहोचलेले खेळाडू. गावच्या तालमीत नमुना घ्यायला कोण येतो? बदाम, तूप आणि थंडाईचा खुराक जाऊन तिथे प्लॅस्टिकचे डबे कधी आले, हे आमच्या वस्तादांनाही नीट सांगता येत नाही. एका मोठ्या पैलवानाच्या खोलीवर मी सुया पाहिल्या आहेत. जीवनसत्त्वाच्या असतील, असे तेव्हा मीच माझ्या मनाला सांगितले होते.

माझा चुलतभाऊ दोन वर्षे तालमीत होता. सध्या तो पोलीस भरतीची तयारी करतो. सोळाशे मीटरला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. एका गुणावर घराचे नशीब. गेल्या दिवाळीत त्याने माझ्यापुढे एक डबा ठेवला. आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच, म्हणून म्हणाला, “दादा, ह्यात काय हाय ते वाच की.” मी वाचू लागलो. किती चमचे, दुधातून की पाण्यातून, हे सर्व ठळक छापले होते; घटकांच्या जागी मात्र कागद खरवडून काढलेला होता. मी म्हटले, हे घेऊ नकोस. त्याने विचारले, “मैदानावरची निम्मी पोरं घेत्यात. मग माझा नंबर कसा लागायचा?”

नरसिंगच्या बाजूने मी तासभर बोलू शकलो असतो. भावाला मात्र काही सांगता आले नाही. डबा अजून माळ्यावर आहे. उघडलेला आहे की नाही, हे पाहायला मी अजून वर चढलेलो नाही.