आपला गणपती कॅफेटेरियात किती दिवस?



गेल्या वर्षी मार्चमध्ये आपल्या कमिटीच्या मीटिंगमध्ये एक ठराव आला होता. विसर्जनाची मिरवणूक शाळेच्या कॅफेटेरियात टेबलांभोवती न फिरवता शाळेपासून पार्कपर्यंत रस्त्याने न्यावी, टाउनशिपची रीतसर परवानगी काढावी, आणि पार्कमध्ये जो येईल त्याच्या हातावर प्रसाद ठेवावा. ठराव मांडणारे सभासद माझ्या वडिलांच्या वयाचे. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांचे बोलणे संपताच पहिला हात वर गेला तो माझा. विमा, पोलिस, पाऊस, लहान मुले, ट्रॅफिक आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी असे सहा मुद्दे मी बोटांवर मोजून दाखवले. मतदान झाले आणि ठराव पडला. काकांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला आणि नेहमीप्रमाणे खुर्च्या उचलायला लागले.

पुढच्या महिन्यातल्या वार्षिक सभेपुढे तोच ठराव पुन्हा येणार आहे. या वेळी माझे मत ठरावाच्या बाजूने आहे. ज्यांनी गेल्या वेळी माझे ऐकून 'नको' म्हटले, त्यांना मी मत का बदलले हे सांगणे माझे कर्तव्य आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फिलाडेल्फियात येऊन आम्हाला अकरा वर्षे झाली. पहिली चार-पाच वर्षे लॅब ते घर आणि घर ते लॅब यातच गेली. मुलगा चालायला लागला तशी शनिवार-रविवारी बाहेर पडायची सवय लागली. आपल्या शहरात वर्षभर काही ना काही चालू असते आणि पार्किंग सोडले तर बहुतेक सगळे फुकट! थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळीचे रोल आणि चिवडा, एक घडीची खुर्ची एवढ्या सामानावर आम्ही बरेच उत्सव पाहिले. त्यातल्या तिघांबद्दल सांगते.

पहिला अर्थातच एक जानेवारीचा, ममर्सचा. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी एकदा तरी थंडीत कुडकुडत ब्रॉड स्ट्रीटवर उभे राहावे. मोठमोठी पिसे, टिकल्या, सॅटिनचे झगे घातलेले धिप्पाड पुरुष छत्र्या नाचवत, ठुमकत येतात आणि मागून बॅंजो आणि सॅक्सोफोन वाजत असतात. आमच्या शेजारच्या घराचे छप्पर दुरुस्त करणारा माणूस मला तिथे नखशिखांत मोरपंखी निळ्यात दिसला, तेव्हा मी आधी ओळखलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला विचारले, तर म्हणाला, 'हा माझा एकतिसावा परेड. वडील होते, आता मुलगाही आहे.' या लोकांचे क्लब दक्षिण फिलाडेल्फियात सेकंड स्ट्रीटच्या आसपास आहेत. वर्षभर तालमी चालतात. पैशासाठी ते बीफ आणि बिअरच्या पार्ट्या करून तिकिटे विकतात. आपण बटाटेवडे विकतो, तसेच.

या परेडचा इतिहास मात्र सगळाच गुलाबी नाही. स्वीडिश, इंग्रज, जर्मन, आयरिश अशा वेगवेगळ्या वस्त्यांतले लोक नव्या वर्षाला सोंगे घेऊन दारोदार फिरत, आरडाओरडा करीत, बंदुकीचे बार काढीत. प्रतिष्ठितांना हा धांगडधिंगा वाटे. १८०८ मध्ये पेनसिल्व्हेनियात सोंगे आणि मुखवट्यांविरुद्ध कायदाच झाला, तो १८५९ मध्ये रद्द झाला. शहराने अधिकृत परेड म्हणून मान्यता दिली ती १९०१ साली. पुढे हेच लोक चेहऱ्याला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत. निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये त्यावर बंदी आली. म्हणजे ज्यांना आधी रस्त्यावरून हुसकावले जात होते, त्यांनीच पुढे दुसऱ्यांना हिणवले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ठरावाविरुद्ध बोलताना आपल्यातले काही जण हलक्या आवाजात जे म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध आहे. त्याकडे पुढे येते.

दुसरा उत्सव मे महिन्यातला, नाइन्थ स्ट्रीटच्या इटालियन मार्केटचा. तिथे तीस फुटी खांबाला डुकराची चरबी फासतात, वर चीज, सलामी आणि पैसे टांगतात, आणि तरुण पोरे एकमेकांच्या खांद्यांवर चढून ते काढायचा प्रयत्न करतात. दोन थर झाले की घसरण! आमचा मुलगा 'दहीहंडी, दहीहंडी' म्हणून ओरडला आणि शेजारचे आजोबा कौतुकाने बघायला लागले. हा खेळ मध्यंतरी बरीच वर्षे बंद होता, तो २०१६ मध्ये पुन्हा सुरू केला. त्याच उत्सवात संतांच्या मूर्ती खांद्यांवरून मिरवतात आणि भाविक त्यांच्या फितींना डॉलरच्या नोटा टाचतात. देशातले इटालियन लोकांसाठीचे पहिले चर्च याच भागात १८५२ साली स्थापन झाले. एवढी वर्षे झाली, तरी देव वर्षातून एकदा चर्चच्या दारातून बाहेर निघतो आणि भाजीच्या दुकानांसमोरून जातो. आता त्या दुकानांतली कितीतरी मेक्सिकन आणि व्हिएतनामी लोकांची आहेत, आणि तेही दारात उभे राहून बघत असतात.

तिसरा उत्सव ओडुंडे. जूनचा दुसरा रविवार. साउथ स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला दहा-पंधरा चौक नुसते माणसांनी फुललेले असतात. नायजेरियातल्या योरुबा लोकांचे हे नववर्ष. सुरू केले ते लोइस फर्नांडिस नावाच्या त्याच वस्तीतल्या एका कृष्णवर्णीय बाईने. त्या नायजेरियाला जाऊन तिथला ओशुन या नदीदेवतेचा उत्सव बघून आल्या होत्या. १९७५ साली शहराच्या रीडेव्हलपमेंट अथॉरिटीकडून त्यांना शंभर डॉलर्सचे अनुदान मिळाले आणि त्यातून पहिला उत्सव झाला. पुढे त्या भागातली घरे महाग होत गेली, नवी माणसे राहायला आली, आणि 'हा उत्सव दुसरीकडे न्या' असे सूर निघू लागले. फर्नांडिसबाई हलल्या नाहीत. २०१७ मध्ये त्या गेल्या, पण उत्सव आहे तिथेच आहे.

गेल्या जूनमध्ये आम्ही तिथे गेलो होतो. दुपारी पांढऱ्या कपड्यांतल्या बायका आणि ढोलवाले यांची मिरवणूक निघाली. सगळ्यांच्या हातांत फळे आणि फुले. स्कूकिल नदीच्या पुलावर (या नदीचे स्पेलिंग एक आणि उच्चार दुसराच!) जाऊन ती फळे-फुले पाण्यात सोडतात. मी कडेला उभी होते. ढोल जवळ आले आणि माझे हात आपोआप जोडले गेले. एका वयस्कर बाईंनी ते पाहिले. आपल्या परडीतले एक पिवळे फूल काढून त्यांनी माझ्या हातात दिले आणि कठड्याकडे बोट दाखवले. मी फूल सोडले. मग त्यांनी विचारले, 'तुमच्यातही असे काही असते का?' मी उत्साहाने गणपतीबद्दल, ढोल-ताशांबद्दल, विसर्जनाबद्दल सांगितले. त्या म्हणाल्या, 'अरे वा! कुठे असतो? मी येऊ का बघायला?'

आणि मी अडखळले. काय सांगणार? उत्सव एका शाळेच्या आत असतो. बाहेर बोर्ड नसतो. आधी नाव नोंदवावे लागते. सभासद नसाल तर जेवणाचे कूपन वेगळे. सूचना सगळ्या मराठीत. आणि विसर्जन म्हणाल तर मूर्ती पुन्हा थर्माकोलच्या खोक्यात जाते आणि खोके एका सभासदाच्या बेसमेंटमध्ये. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, 'सप्टेंबरमध्ये असतो, मी कळवीन.' फोन नंबर मात्र घेतला नाही.

घरी येताना गाडीत मी गप्प होते. ज्या बाईने मला ओळखपाळख नसताना आपल्या देवीचे फूल दिले, तिला माझ्या गणपतीच्या दारात उभे करायची माझ्याकडे सोय नव्हती. अकरा वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या उत्सवांना घडीची खुर्ची घेऊन जातो आहोत. बदल्यात एकदाही कोणाला 'या' म्हटलेले नाही.

वास्तविक हे सगळे आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. गणपती घरातून चौकात आला तो पुण्यात, १८९२-९३ च्या सुमारास. त्याचे श्रेय लोकमान्यांचे की भाऊसाहेब रंगारींचे हा वाद पुणेकरांवर सोडू. पण 'सार्वजनिक' हा शब्द आपण आपल्या उत्सवाच्या पत्रिकेवर दरवर्षी छापतो, आणि आत येण्यासाठी नोंदणी मागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी चौकात आलेला देव आपण साता समुद्रापार आणून पुन्हा घरात नेऊन बसवला.

आता माझ्याच सहा मुद्द्यांकडे वळते. विमा: मंडळाला शाळेच्या हॉलसाठी विमा घ्यावाच लागतो, मिरवणुकीसाठी त्यात काय वाढवावे लागेल हे विचारायला एक फोन पुरेल. पोलिस आणि ट्रॅफिक: शाळा ते पार्क अर्धा मैलही नाही, आणि चार जुलैला आपल्या टाउनशिपची परेड याच रस्त्याने जाते. पाऊस: पडला तर कॅफेटेरिया आहेच. मुले: पार्किंग लॉटमध्ये ती मोकाट धावतात त्यापेक्षा दोरीच्या आत रांगेत जास्त सुरक्षित राहतील. शेजारी: त्यांना आधी पत्र टाकावे, आणि पत्राबरोबर मोदक द्यावेत. म्हणजे सहापैकी एकही मुद्दा अशक्य कोटीतला नव्हता.

मी पेशाने रसायनशास्त्रज्ञ. कोणताही प्रयोग करण्याआधी त्यातले धोके लिहून काढायचे, ही आमची रोजची सवय. पण ती यादी प्रयोग नीट पार पडावा म्हणून असते. यादी झाल्यावर हातमोजे आणि चष्मा चढवून कामाला लागायचे असते. मी मार्चमध्ये यादी केली आणि तिथेच थांबले. खरे कारण सातवे होते आणि ते मी बोलले नाही. मला भीती वाटत होती. ढोल वाजवत, नऊवारी नेसून, फेटे बांधून अमेरिकेतल्या रस्त्यावर आपण चालत असताना कोणी गाडीची काच खाली करून काही ओरडले तर? मुलासमोर?

ही भीती खोटी नाही, आणि मीटिंगमध्ये हलक्या आवाजात जे बोलले जाते ते हेच. २०१६ च्या ममर्स परेडमध्ये एका विनोदी गटाने चेहरे तपकिरी रंगवून मेक्सिकन लोकांची टवाळी केली होती. पण त्याच परेडमध्ये, त्याच रस्त्यावर, प्वेब्ला राज्यातून दक्षिण फिलाडेल्फियात येऊन राहिलेले मेक्सिकन लोक आपल्या गावच्या कार्निव्हलचा पोशाख घालून स्वतःचा गट घेऊन नाचत गेले. मला वाटते, त्या वर्षी कडेला उभ्या असलेल्या एखाद्या पोराने दोन्ही पाहिले असेल. मेक्सिकन गट घरी बसला असता, तर त्याला फक्त रंगवलेले चेहरे दिसले असते.

काही जण म्हणतील की आपला उत्सव घरगुती आहे तेच बरे, मुलांवर संस्कार होतात, ओळखीची माणसे भेटतात, गरमागरम वरणभात मिळतो. मलाही तो वरणभात हवाच आहे! कॅफेटेरियातली पूजा, आरती, मुलांचे कार्यक्रम आणि पंगत, यातले काहीच बदलायचे नाही. मागणे आहे फक्त शेवटच्या दीड तासाचे.

तेव्हा माझ्या सूचना थोडक्यात अशा. एक: परवानगीचा अर्ज या वेळी लवकर, उन्हाळ्याच्या आत करावा. दोन: ढोल पथक दर उन्हाळ्यात गोदामामागच्या पार्किंगमध्ये तालीम करते, त्यांनी चार जुलैच्या परेडमध्येही नाव द्यावे, म्हणजे सप्टेंबरपर्यंत गावाला आपली ओळख होईल. तीन: पार्कमध्ये एक माणूस इंग्रजीत चार वाक्यांत माहिती सांगेल, आणि प्रसादाच्या टेबलाशी कूपन मागितले जाणार नाही. चार: मिरवणूक संपल्यावर रस्ता आणि पार्क आपण झाडून काढू. आणि हे काम दरवर्षीच्या त्याच बारा जणांवर पडू नये, ही नम्र विनंती. खुर्च्या उचलणारे हात वाढले नाहीत, तर ठराव पास होऊनही काही उपयोग नाही.

परवानगीच्या अर्जाचे आणि विम्याचे काम मी अंगावर घेते आहे. सहा मुद्दे माझेच होते, ते मीच निस्तरायला हवेत. काकांना मी फोन करून हे सांगितले. ते म्हणाले, 'बरं झालं, तो कागद मी टाकलेला नाही.'

वार्षिक सभेला अवश्य या. ठरावाच्या विरुद्ध मत असेल तर तेही उभे राहून मांडा, मी ऐकून घेईन. आणि येत्या जूनमध्ये साउथ स्ट्रीटच्या पुलावर त्या बाई भेटल्या, तर त्यांना द्यायला माझ्याकडे एक तारीख आणि एक पत्ता असावा, एवढीच इच्छा आहे.

गणपती बाप्पा मोरया!