पुरण्याआधी एक तुकडा

दिवाळीची सुट्टी लागली की हर्णै, गुहागर, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यांवर ‘एमएच 20’ पाटीच्या गाड्या दिसू लागतात. छत्रपती संभाजीनगरकरांचे घरचे पाणी म्हणजे नाथसागर. समुद्र वर्षातून एखाद्या वेळी. अशाच एखाद्या सकाळी वाळूत काहीतरी पडलेले दिसते. पांढरट, आकार नसलेले, दोरे लोंबत असलेले, जवळ उभे राहवणार नाही अशा वासाचे. मोबाइल बाहेर निघतात आणि संध्याकाळच्या आत सिडकोतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोकणात सापडला विचित्र प्राणी’ फिरू लागतो. कोणी डायनासोर म्हणतो, कोणी जलपरी. दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो, खड्डा खणला जातो आणि प्राणी कोणता होता हा प्रश्नही त्या खड्ड्यात जातो.

पाहणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. मेलेला देवमासा कुजताना खरोखरच ओळखू येत नाही. आधी तो फुगतो. पोटात वायू साठतो, घशाखालच्या चुण्या ताणल्या जातात, जीभ बाहेर येते. गडद कातडी सालपटासारखी निघते आणि खालचा पांढरा थर उघडा पडतो. हाडे व मांस गळून गेले की उरतो चिवट कोलॅजेनचा गोळा. त्याचे धागे सुटले की ते केसांसारखे दिसतात. थंड समुद्रात राहणाऱ्या बास्किंग शार्क या अवाढव्य मुशीचे आणखी वेगळे. तिचा जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात. मागे राहते लहानशी कवटी आणि लांबच लांब कणा, म्हणजे चित्रातल्या लांब मानेच्या जलसरड्याची हुबेहूब नक्कल.

एप्रिल 1977मध्ये न्यूझीलंडजवळ ‘झुइयो मारू’ या जपानी मासेमारी जहाजाच्या जाळ्यात असेच धूड आले होते. पकडलेली मासळी नासेल म्हणून ते परत समुद्रात फेकण्यात आले. व्यवसाय म्हणून तो निर्णय समजण्यासारखा होता. पण फेकण्यापूर्वी जहाजावरच्या एकाने फोटो काढले, मापे घेतली आणि परातले थोडे तंतू कापून ठेवले. जपानमध्ये ‘जिवंत प्लेसिओसॉर’ म्हणून गाजावाजा झाला. मग त्या तंतूंची रासायनिक तपासणी झाली आणि त्यातले अमिनो आम्लांचे प्रमाण बास्किंग शार्कच्या परातल्या तंतूंशी जुळले. फोटोंवर आजही वाद घालणारे सापडतात. निकाल मात्र त्या चिमूटभर तंतूंनी लावला.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर 1896मध्ये आलेल्या प्रचंड गोळ्याला एका नामांकित प्राणिशास्त्रज्ञाने महाकाय ऑक्टोपस ठरवून शास्त्रीय नावही दिले होते. नंतर त्याने शब्द मागे घेतला, तरी ऑक्टोपसची गोष्ट काही मेली नाही. पण त्या गोळ्याचे तुकडे बरणीत जपलेले होते. जवळपास शंभर वर्षांनी, 1995मध्ये, ते देवमाशाचे कोलॅजेन असल्याचे दाखवण्यात आले. 2003मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर तसाच गोळा आला तेव्हा डीएनए चाचणी हाताशी होती, त्यामुळे तो स्पर्म व्हेल असल्याचे लवकर कळले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हे नवे नाही. जून 2015मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला सुमारे 42 फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि मेला. जानेवारी 2016मध्ये मुंबईत जुहूला ब्रायडी देवमासा आला. सामान्य माणसाला दोन्ही सारखेच वाटतील. डोके शाबूत असेल तर खूण सोपी आहे: ब्रायडीच्या डोक्यावर तीन समांतर कंगोरे असतात, निळ्या देवमाशाला मध्ये एकच. त्यातही ब्रायडीचे दोन प्रकार आहेत, किनाऱ्यालगतचा लहान आणि खोल समुद्रातला मोठा. कुजलेल्या प्राण्यात हा फरक खात्रीने सांगायचा तर कातडीचा तुकडाच हवा.

बाकी पुष्कळ काही नुसत्या डोळ्यांनी कळते. शेपूट आडवी असेल तर सस्तन प्राणी, उभी असेल तर मासा. माशाच्या मणक्याला दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खळगा असतो, डॉल्फिनचा मणका दोन्हीकडे सपाट. डॉल्फिनचे दात सुळकेदार, पॉरपॉईजचे खुरप्याच्या पात्यासारखे चपटे. कोकण किनाऱ्यावरच्या पॉरपॉईजला पाठीवर पर नसतोच. तो कोणी कापून नेला असे समजू नये. कासवाच्या पाठीवर मधल्या ओळीच्या बाजूची खवल्यांची रांग मोजावी. ग्रीन कासवाला एका बाजूस चार, ऑलिव्ह रिडलीला सहसा सहा किंवा अधिक.

मग लगेच पुरून टाकायचे नाही का? पुरायलाच हवे. उन्हात सडणारे दहा-वीस टनांचे धूड पर्यटकांच्या किनाऱ्यावर ठेवता येत नाही आणि त्याच्या रसातून, रक्तातून जंतू माणसापर्यंत पोहोचू शकतात. आरोग्य खात्याची घाई रास्त आहे. आक्षेप आहे तो त्या घाईत न घालवलेल्या एका तासाला. लांबी, डोक्याचा व दातांचा फोटो, अंगावरच्या जखमा, नर की मादी, आणि कातडीचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये. फॉर्मेलिनमध्ये नको, त्याने डीएनए खराब होतो. एवढे झाले की जेसीबीने आपले काम करावे. प्राणी जाळ्यात अडकून मेला, जहाजाच्या धडकेने की आजाराने, हे पुरल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

हा विषय मराठवाड्याशी जोडलेला आहे तो किनाऱ्यावरच्या सहलीपुरता नव्हे. नोव्हेंबर 2019मध्ये राजस्थानच्या सांभर तलावाकाठी हजारो पक्षी मरून पडले. पाणी विषारी झाले, बर्ड फ्लू आला, असे अनेक तर्क झाले. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेने नमुने तपासून बोटुलिझम असल्याचे सांगितले. या आजारात मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्यांमध्ये विष साठते, त्या खाऊन धडधाकट पक्षी मरतात आणि फेरा चालू राहतो. म्हणजे तिथे मेलेले पक्षी झपाट्याने उचलणे हाच उपाय होता, आणि तो कळला नमुन्यामुळे. जानेवारी 2025मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मरू लागले तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. तिथे खबरदारी वेगळी, कोंबड्यांची आणि माणसांचीही. दोन्ही ठिकाणी चित्र एकच, जमिनीवर पडलेले पक्षी.

नाथसागर 1986पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात, उन्हाळ्यात पाणी मागे सरकते आणि काठ उघडा पडतो. तिथे मेलेला पक्षी, मासा किंवा कासव दिसले तर हात लावू नये, शेजारी चप्पल किंवा पट्टी ठेवून आकार कळेल असा फोटो काढावा, जागा नोंदवावी आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. किनाऱ्यावरही तेच. देवमासा आणि डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने आठवण म्हणून हाड घरी आणणे हा गुन्हा ठरतो, हे सहलीच्या बॅगा भरताना ध्यानात असलेले बरे. तुकडा कापण्याचे काम वनखात्याचे आणि पशुवैद्यकाचे.

पाण्याकाठची हाडे ओळखण्याचे काम या भागात जुने आहे. 1860च्या दशकात वाइन या भूगर्भशास्त्रज्ञाला पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या वाळू-गोट्यांच्या थरात गारगोटीचे दगडी हत्यार मिळाले. त्याच थरात लोप पावलेल्या प्राण्यांची हाडे होती. वर नांदूर मधमेश्वरला सापडलेल्या नामशेष हत्तीच्या कवटीवर पिल्ग्रिम यांनी 1905मध्ये निबंध लिहिला. गोदावरीकाठी कधीकाळी कोणते प्राणी हिंडत होते हे आज सांगता येते, कारण ती हाडे कोणीतरी उचलली, नोंदवली आणि दाखवली. शहरात विद्यापीठ आहे, त्यात प्राणिशास्त्र विभाग आहे. नाथसागर तासा-दीड तासावर. वनखात्याने नमुना पाठवायचा आणि विभागाने तो नोंदवून ठेवायचा, एवढ्या कराराला नवी इमारत लागत नाही. मोजपट्टी, हातमोजे, चार बरण्या आणि अल्कोहोल लागते, आणि हा खर्च जेसीबीच्या बिलात कुठे दिसणारही नाही.