अंगणवाडीचा पट काय सांगतो?

शाळेचा पट म्हणजे नुसती हजेरीची बेरीज नव्हे. गावाने त्या शाळेवर किती भरवसा ठेवला आहे, हेही त्यातून कळते. आपल्या अंगणवाड्यांचा पट याच नजरेने वाचायला हवा.

अंगणवाडीचा विचार मूळचा आपल्याकडचा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, इतके ते साधे होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आज काय दिसते? 'असर'च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तीन-चार वर्षांची निम्म्याहून अधिक मुले अंगणवाडीत जातात. पाचव्या वर्षी मात्र सुमारे एक तृतीयांश मुले खासगी शाळेत किंवा बालवर्गात असतात. ज्या घराला फी आणि रिक्षाभाडे झेपते, तेच आधी बाहेर पडणार, हे उघड आहे. मागे उरतात ती मजुरांची आणि वाड्या-पाड्यांवरची मुले.

पालकांना दोष देऊन भागणार नाही. इंग्रजीचा मोह आहेच. पण अंगणवाडी म्हणजे 'खाऊची शाळा' ही समजूत का रुजली? आहार, वजन-उंची, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी आणि नोंदी हे सारे एका मानधनावरच्या सेविकेकडे. गाणी-गोष्टींना वेळ उरणार किती? कायद्यानेही हात आखडता घेतला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयाला दिला. सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

सुस्थितीतले घर अंगणवाडी सोडते तेव्हा एक मूल कमी होते, आणि ग्रामसभेत जाब विचारणारा एक आवाजही. उरलेल्यांच्या वाट्याला मग गळके छप्पर येते. म्हणून पट भरलेला आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्यावर गावातल्या साऱ्या आळ्यांची मुले आहेत का, हे पाहावे. सरपंचाचे आणि सालगड्याचे मूल एकाच सतरंजीवर बसेल, तेव्हाच ती गावाची शाळा होईल.