बंदिनीच्या बाजूने

रात्री घरातली वडीलधारी मंडळी निजली, की कॉलेजात जाणारी मुले दिवे मालवून भयपट पाहत बसतात, हे आता कोणत्याच घराला नवे राहिलेले नाही. मध्येच पाणी प्यावयास उठलेल्या आजीच्या नजरेस पडते ती खुर्चीला जखडलेली, जिवाच्या आकांताने किंचाळणारी मुलगी. ‘अरे, हे कसले रे पाहणे?’ असे आजी विचारते. ‘खोटेच असते गं ते,’ असे नातू म्हणतो आणि बोलणे तिथेच खुंटते. आम्हांस वाटते, ते तिथे खुंटू नये. आजीचा प्रश्न रास्त आहे आणि नातवाच्या उत्तराने तो सुटलेला नाही.

या जातीच्या चित्रपटांना ‘स्लॅशर’ म्हणतात. सुरा वा करवत घेतलेला कोणी मुखवटेधारी एकेकाला गाठून मारतो आणि शेवटी बहुधा एक मुलगी त्याच्या तावडीत सापडते. ती कोंडली जाते, बांधली जाते, लपून श्वास रोखते. साऱ्या चित्रपटाचा कस या प्रसंगात लागतो. रक्त किती सांडले, हा आमच्या मते दुय्यम प्रश्न होय. खरा प्रश्न असा, की त्या वेळी आपल्याला बसवले आहे कोणाच्या शेजारी? बंदिनीच्या की तिला कोंडणाऱ्याच्या?

१९७८ सालचा जॉन कारपेंटर यांचा ‘हॅलोविन’ पाहा. देब्रा हिल या बाईंनी त्यांच्यासह तो लिहिला आणि त्याची निर्मितीही केली. आरंभी चार-एक मिनिटे आपण मारेकऱ्याच्याच डोळ्यांनी पाहतो. खून होतो, मुखवटा ओढला जातो आणि समोर उभे असते सहा वर्षांचे पोर! इतका वेळ आपण कोणाच्या नजरेने पाहत होतो, हे ध्यानी येताच मन शरमते. शेवटाकडे मात्र कॅमेऱ्याने जागा बदललेली असते. लॉरी ही शेजाऱ्यांची मुले सांभाळायला आलेली शाळकरी मुलगी. ती भिंतीतल्या कपड्यांच्या कपाटात लपते. बाहेरून दाराच्या पट्ट्या मोडू लागतात आणि आपण आत, तिच्यापाशी, अंग चोरून बसलेले असतो. त्याआधी तिने विणकामाच्या सुईने वार परतवलेला असतो. आता ती कपडे टांगण्याच्या हँगरची तार सरळ करते आणि त्याच्या डोळ्यावर नेम धरते. घरकामातल्या दोन क्षुल्लक वस्तू तिच्या कामी येतात. या प्रसंगात ती भेदरलेली आहे, पण तिचे डोके चालते आहे, आणि आपणही तिच्याबरोबर वाट शोधू लागतो.

याच्या चार वर्षे आधीचा, म्हणजे १९७४ चा, टोब हूपर यांचा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ अधिक कठोर आहे. त्यात सॅली नावाच्या तरुणीला एक विकृत कुटुंब जेवणाच्या मेजाशी खुर्चीला बांधून बसवते. भोवतीची मंडळी हसतात, तिच्या किंकाळ्यांची नक्कल करतात. नाव एवढे भयंकर असूनही प्रत्यक्ष रक्त या चित्रपटात फार थोडे दिसते. कॅमेरा सॅलीच्या डोळ्याच्या इतका जवळ जातो, की पडदाभर तो एक भ्यालेला डोळाच उरतो. तिच्या भीतीची चव घेण्याची सोय तिथे नाही; ती भीती अंगावर येते. पहाटे ती खिडकीची काच फोडून बाहेर पडते, तेव्हा आपणही मोकळा श्वास घेतो.

परंतु ‘खोटेच असते ते’ या उत्तरातील उणेही इथेच उघडे पडते. टेक्ससच्या ऐन उन्हाळ्यात, दिवसा रात्र भासावी म्हणून खिडक्या झाकून, सडू लागलेल्या मांसाच्या दुर्गंधीत हा प्रसंग सलग चोवीस तासांहून अधिक वेळ चित्रित होत होता. सॅलीचे बोट कापल्याचे दाखवायचे होते. लटक्या रक्ताची नळी चालेना, तेव्हा मुखवट्यातील नट गनर हॅन्सन यांनी नायिका मॅरिलिन बर्न्स यांचे बोट खरोखरच कापले. म्हणजे पडद्यावरच्या बंदिनीची बाजू घेणारा चित्रपटही ती भूमिका करणाऱ्या बाईच्या बाबतीत निष्काळजी राहू शकतो. प्रसंग अजोड उतरला म्हणून त्या जखमेचे समर्थन होते, असे आम्ही मानीत नाही.

अशा चांगल्या चित्रपटांचे यश पाहून पुढे नकलांचा सुकाळ झाला. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या दोघा अमेरिकी समीक्षकांनी दूरदर्शनवरील आपल्या कार्यक्रमाचा एक भाग या विषयाला वाहिला. नव्या चित्रपटांत प्रेक्षकाला मारेकऱ्याच्या बाजूला बसवून बाईच्या छळाची मौज चाखायला लावतात, ही त्यांची तक्रार होती. ‘हॅलोविन’ त्यांनी या दोषातून वगळला. पुढे १९८७ साली कॅरल क्लोव्हर या विदुषींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शेवटी वाचणाऱ्या मुलीला त्यांनी ‘फायनल गर्ल’, म्हणजे अखेरची उरलेली मुलगी, असे नाव दिले, आणि तरुण पुरुष प्रेक्षकही अखेरीस तिच्याशीच एकरूप होतात असे प्रतिपादिले. दोन्ही मते आम्हांस खरी वाटतात. एकाच साच्यातून दोन्ही प्रकारचे चित्रपट निघतात.

आपल्याला ही कसोटी परकी नाही. कीर्तनात सीतेचा अशोकवनातला बंदिवास आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. वाल्मीकींची सीता रावणाशी बोलताना मध्ये एक गवताची काडी ठेवते. काडीने रावण अडणार नसतो. पण बोलणारी कोण आणि तिची मर्यादा कोठे, हे त्या काडीने ठरते. बुवा ती कथा रावणाच्या आसनावरून सांगत नाहीत. झाडाखाली, सीतेपाशी बसून सांगतात. म्हणूनच लहान मुलांसह सारे घर ती ऐकू शकते.

तेव्हा आजीबाईंना आमची विनंती अशी, की अगदी लहान पोरांना हे चित्रपट अवश्य वर्ज्य करावेत. भीतीला अर्थ देण्याचे वय व्हावे लागते. मोठ्या नातवाच्या हातून मात्र यंत्र हिसकावून घेऊ नये. शेजारी बसावे आणि एवढेच विचारावे: ‘त्या मुलीला बांधले, तेव्हा तू कोठे होतास रे? तिच्याजवळ की त्याच्याजवळ?’ नातू कदाचित हसेल, कदाचित चिडेल. पण पुढचा चित्रपट पाहताना तो प्रश्न त्याच्या मनात डोकावल्यावाचून राहणार नाही. बाईची किंकाळी प्रत्यक्षातही ऐकू येते. रस्त्यावर, शेजारच्या बंद दाराआड, क्वचित आपल्याच घरात. तेव्हा आपण कोणाच्या बाजूला उभे राहतो, याची सवय मनाला कोठून तरी लागतच असते.